अडतीस मिलिमीटर वर

१

तो आवाज मी वर ऑफिसात बसून ऐकला. धातू कापणाऱ्या मिलिंग मशीनवर सोळा वर्षं काम केलेल्या माणसाला असा आवाज समजावून सांगावा लागत नाही. आधी एक घाव बसल्यासारखा, मग लगेच काहीतरी चरचरत तुटल्याचा, आणि मग मशीनचा भोंगा. मी हातातलं कलेजीचं सँडविच टाकून जिना उतरलो.

मंगळवार होता, दुपारची जेवणाची आणि नमाजाची वेळ. खाली कोणीच नव्हतं. मशीनचं दार अर्धवट उघडं. आत पोलादाच्या ठोकळ्यात कटर रुतून तुटलेला. हा ठोकळा परदेशातून यायला दोन महिने लागले होते. इथल्याच, अलेक्झांड्रियातल्या एका धर्मादाय इस्पितळासाठी कृत्रिम पायाच्या गुडघ्याचा साचा त्यातून काढायचा होता. साचा अकरा दिवसांनी द्यायचा होता आणि निम्मं काम झालंही होतं. आता त्याच्या मधोमध भोक पडलं होतं.

तेवढ्यात हाज बहगत, आमचे मालक, धावत आले. त्यांच्या मागे मुन्सिफ. हा ट्युनिसियातल्या स्फाक्सचा, आमच्याकडे लागून चारच दिवस झालेला. 'सुरू' हे बटण त्यानेच दाबलं होतं, आणि कटर जॉबमध्ये, म्हणजे त्या ठोकळ्यात, घुसलेला पाहून तो मालकांना बोलवायला पळाला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मालकांना शोधण्यात आपली दहा मिनिटं तरी गेली, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माझीही आठ-नऊ मिनिटं जिन्याचं दार धक्के मारून उघडण्यात गेली होती, कारण ते बाहेरून अडकलेलं होतं. म्हणजे मशीन काही काळ एकटंच होतं.

हाजनी मला प्रोग्राम दाखवायला सांगितला. कटरने कुठून कुठे जायचं, किती वेगाने जायचं, किती खोल उतरायचं, हे ओळीओळीने लिहून देणं हे माझं काम. मी ते त्यांच्यासमोर वाचलं. मग संगणकाच्या पडद्यावर चालवून दाखवलं. पडद्यावरचा कटर जॉबच्या पाच मिलिमीटर वर शहाण्यासारखा थांबला आणि मग हळूहळू कापत गेला. चूक नव्हती.

मग आम्ही मशीनमधला लांबीचा तक्ता पाहिला. प्रत्येक कटरची लांबी मोजून त्यात भरावी लागते, नाहीतर त्याचं टोक कुठे आहे हे मशीनला कळणार कसं? या कटरसमोर आकडा होता १५५. आमचे थोरले कारागीर उस्ता शहाता यांनी नमाजाला जायच्या आधी मोजला होता तो १५५च. इथेही चूक नव्हती.

मला काही समजेना. प्रोग्राम बरोबर, लांबी बरोबर, कटर तोच. आणि जॉबला भोक.

हाजनी तक्ता पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्याच गुरुवारी मी नोकरी सोडत असल्याचं पत्र दिलं होतं, पोर्ट सईदच्या एका कारखान्यात जाणार होतो.

"लबीब," ते म्हणाले, "वर बसून मशीनमधला प्रोग्राम बदलणं, आणि नंतर परत पहिल्यासारखा करणं, हे आपल्याकडे किती जणांना येतं?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते माझ्या विरुद्ध होतं.

२

शनिवारपर्यंत खुलासा झाला नाही तर पोलिसात जाईन, असं हाज म्हणाले. त्यात त्यांना आनंद नव्हता. पण त्यांचा पुतण्या शादी याला मात्र होता. या जागेवर मोटारींचं दुकान काढावं असं त्याच्या मनात वर्षभर होतं. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्या गल्लीत सांगून टाकलं की लबीब गिर्गिसने जाता जाता मशीन फोडलं. माझ्या आईला ते भाजीवाल्याकडून कळलं.

पोलिसांच्या आधी हाजनी अब्ला इन्शिराह यांना बोलावलं, एवढं मात्र त्यांनी बरं केलं.

औद्योगिक शाळेत हाजना, मला, आणि या भागातल्या निम्म्या कारागिरांना बाईंनीच कानस कशी धरायची ते शिकवलं होतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी आम्ही सगळे त्यांना अजून 'अब्ला', म्हणजे बाईच, म्हणतो, आणि त्या आल्या की हात खिशातून बाहेर काढतो. बुधवारी सकाळी त्या आल्या त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. थेट मशीनपाशी गेल्या, भोक पाहिलं, खोली मोजायला सांगितली. सतरा मिलिमीटर. मग मशीनच्या पडद्याच्या काचेकडे जरा तिरप्या नजरेने पाहिलं. काचेच्या मधोमध एक तेलकट डाग होता, कोणीतरी कपाळ टेकवल्यासारखा. काच पुसू नका, एवढंच त्या म्हणाल्या.

पहिला मुन्सिफ. बिचाऱ्याची दशा माझ्यापेक्षा वाईट होती. आल्या दिवसापासून तो आमच्या थट्टेचा विषय होता. पंधरा नंबरच्या इमारतीत त्याची राहायची सोय केली होती, आणि तो तासभर गल्लीत हिंडून परत आला होता, या गल्लीत पंधरा नंबरच नाही म्हणून. आता तो अब्लांना सांगत होता की लांबी त्याने स्वतःच भरली. चिठ्ठी मशीनवरच्या ट्रेमध्ये होती. त्यावर शंभर लिहिलं होतं, त्याने शंभर भरलं.

"पण तक्त्यात तर एकशे पंचावन्न आहे," अब्ला म्हणाल्या.

"तेच तर, अब्ला. माझ्या बोटांना आठवतंय, एक, शून्य, शून्य. पण पडद्यावर एकशे पंचावन्न दिसतंय. मग मी काय भरलं? मला आता माझं नावसुद्धा कोणाला तरी विचारून घ्यावंसं वाटतंय."

चिठ्ठी कुठे आहे? ट्रेमध्ये नव्हती. कचऱ्यात नव्हती. कुठेच नव्हती.

मग उस्ता शहाता. एकेचाळीस वर्षं या शेडमध्ये. हाजच्या वडिलांनी कामावर घेतलेल्यांपैकी उरलेला शेवटचा माणूस. मला मशीनचा आवाज ओळखायला त्यांनीच शिकवलं. ते शांतपणे म्हणाले की कटर मोजला, एकशे पंचावन्न भरला, चिठ्ठी मशीनवर ठेवली, नमाजाला गेलो. अब्लांनी त्यांच्यापुढे वही सरकवली आणि चिठ्ठीवर लिहिलं तसंच लिहून दाखवायला सांगितलं. उस्तांनी माझ्याकडे पाहत पाहतच लिहिलं. मोठे, ठसठशीत इंग्रजी आकडे, वहीच्या छापील रेघांवरून खुशाल तिरपे गेलेले. आंधळ्यालाही शंभर वाटणार नाही असे १५५.

अब्ला त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दोघंही खरं बोलतायत असं दिसतं. आणि दोघांचं एकत्र खरं असू शकत नाही."

३

शादीचं बोलणं लांबलं. अपघाताच्या वेळी आपण गल्लीच्या टोकाला चहा पीत होतो, असं तो म्हणाला. चहावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, शादी त्या दिवशी आलाच नाही. मला हायसं वाटलं. पुन्हा विचारल्यावर शादी संतापला, मग खाली बघून म्हणाला की तो जागा बघायला आलेल्या एका गिऱ्हाईकाला मागच्या दाराने आणून शेडची मागची बाजू दाखवत होता, आणि आवाज होताच दोघं तसेच बाहेर पडले. काकांना कळू नये म्हणून त्यानेच जिन्याचं दार बाहेरून अडकवलं होतं. मशीनला त्याने हात लावला नाही, लावताही येत नाही. गिऱ्हाईकाने फोनवर ते खरं असल्याचं सांगितलं. हाज पुतण्याकडे असे बघत होते की मला क्षणभर माझी काळजी विसरायला झाली.

पण गुंता होता तसाच होता. उलट वाढलाच. दुपारी चहा घेताना मी अब्लांना म्हटलं की आता मलाच वाटायला लागलंय, मीच काहीतरी केलं असेन आणि विसरलो असेन. त्यांनी पेल्यात तिसरा चमचा साखर टाकली आणि मुन्सिफला हाक मारली. अपघात झाल्यावर पळायच्या आधी तू काय केलंस, ते सांगू नकोस, करून दाखव, असं त्यांनी त्याला सांगितलं.

त्याने हवेत बटण दाबलं. दचकला. लाल बटण दाबलं. मग खिशातून फोन काढला, समोर धरला, आणि थबकला.

फोटो. त्याने पडद्याचा फोटो काढला होता. पहिल्या नोकरीत कोणीतरी सवय लावली होती, धोक्याची सूचना आली की फोटो काढायचा. घाबरल्यामुळे तो हे साफ विसरून गेला होता.

फोटोत लांबीचा तक्ता नव्हता. कटर त्या क्षणी कुठे आहे असं मशीनला वाटत होतं, ती जागा होती. अब्लांनी चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली. जॉबच्या अडतीस मिलिमीटर वर.

"लबीब, तू प्रोग्राम बदलून कटर खाली घुसवला असतास तर इथे काय दिसलं असतं?"

मी म्हणालो, सतरा मिलिमीटर खाली. मशीन जिथे जातं तेच दाखवतं.

"आणि हे दाखवतंय अडतीस वर. म्हणजे मशीनला वाटत होतं आपण अजून हवेत आहोत. तुझ्या हुकमाप्रमाणेच चाललं होतं बिचारं. फसवलं त्याला कटरच्या लांबीने. अडतीस वर आणि सतरा खाली, मिळून किती?"

पंचावन्न. सकाळी त्याच जॉबवर, त्याच शून्यावरून, म्हणजे मोजणीच्या आरंभबिंदूवरून, दुसरे दोन कटर बिनचूक चालले होते, म्हणजे जॉब हलला नव्हता. मशीनला कटर खऱ्यापेक्षा पंचावन्नने आखूड वाटला होता. एकशे पंचावन्नातून पंचावन्न गेले की शंभर.

मुन्सिफने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याची बोटं खोटं बोलत नव्हती. घाव बसला तेव्हा तक्त्यात शंभरच होतं.

"मग मी वेडा नाही," तो म्हणाला.

"नाहीस," अब्ला म्हणाल्या. "पण त्यानंतर कोणीतरी तिथे येऊन शंभराचे एकशे पंचावन्न केले. आणि चिठ्ठी उचलली."

४

ते कोणी केलं, हे मला त्या रात्रभर सुचत नव्हतं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला लगेच सुचलं, आणि मी ते मनातून ढकलून दिलं.

कटर तर तुटला होता. तुटलेल्या कटरची लांबी कोणाला मोजता येणार नव्हती. माझ्या प्रोग्राममध्ये ती नसते, मला ती कधीच माहीत नसते. तेव्हा खरा आकडा भरायला तो आधीपासून माहीत असलेला माणूस हवा. असा माणूस एकच होता.

गुरुवारी सकाळी मी अब्लांना हे सांगितलं तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्यांनी मान डोलावली. त्यांनाही ते कालच कळलं होतं. पण त्यांचं अडलं होतं दुसरीकडे. उस्तांनी १५५ एवढं स्वच्छ लिहिलं असेल तर मुन्सिफने शंभर वाचलं कसं? आणि शंभर ही जर मुन्सिफची चूक असेल, तर ती उस्तांनी का झाकावी? चार दिवसांच्या परक्या पोरासाठी?

आम्ही दोघं तसेच बोलत बोलत स्टोअरच्या खिडकीपाशी आलो. स्टोअर नवाल सांभाळते. तिथे मुन्सिफ हातमोजे मागायला आला होता, आणि नवाल त्याच्यावर वैतागली होती.

"अरे बाबा, पंधरा नंबरचा खण म्हटलं ना? तू दहात काय हात घालतोस?"

"इथे दहाच लिहिलंय," मुन्सिफ म्हणाला.

अब्ला जागच्या जागी थांबल्या. खणावर नवालच्या हातचा आकडा होता. ١٥.

आमच्याकडे आकडे दोन तऱ्हांनी लिहितात. बाजारात, घरांच्या पाट्यांवर, नवालच्या वहीत आमचे अरबी, मशीनवर इंग्रजी. आमचा पाच म्हणजे एक गोल, आणि आमचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. जन्मभर दोन्ही वाचत आल्यामुळे आमच्या ते डोक्यातही येत नाही. पण ट्युनिसियात शाळेपासून सगळीकडे इंग्रजी आकडेच चालतात. मुन्सिफला उभी रेघ आणि गोल दिसला की ते दहाच.

अब्लांनी नवालची पेन्सिल घेतली आणि कागदावर ١٥٥ लिहून मुन्सिफपुढे धरलं.

"शंभर," तो म्हणाला. आणि मग, "हीच. चिठ्ठी अशीच होती."

"म्हणजे चिठ्ठी शहातांनी लिहिलेली नव्हती," अब्ला म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळल्या. नवालच्या डोळ्यांत पाणी होतं.

५

शहाता ऑफिसात आले तेव्हा तिथे हाज, अब्ला आणि मी होतो. अब्लांनी काही विचारलं नाही. टेबलावरचा मोजणीचा कॅलिपर आणि एक सुटा कटर उचलून त्यांच्या हातात दिला.

"शहाता, हा मोजून दाखवा."

त्यांनी कटर कॅलिपरच्या जबड्यात धरला. त्या हातांत जराही कंप नव्हता. मग त्यांनी कॅलिपर डोळ्यांजवळ नेला, आणखी जवळ नेला, भुवईला टेकवला. खाली गल्लीत गॅसवाला पाना आपटत चालला होता, ते ऐकू येत राहिलं. त्यांनी कॅलिपर टेबलावर ठेवला.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. दोन महिन्यांपासून बारीक रेघा दिसत नव्हत्या. ते कटर मोजणीत बसवायचे, नवाल आकडा वाचायची, ते सवयीच्या हाताने तो चिठ्ठीवर मोठा लिहायचे. कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मंगळवारी नमाजाला उशीर होत होता. म्हणून त्यांनी तिलाच चिठ्ठी लिहून मशीनवर ठेवायला सांगितलं. तिने रोज लिहिते तसे आकडे लिहिले.

आवाज ऐकून ते मशिदीच्या दारातून परतले. मशीनपाशी कोणी नव्हतं. काचेला कपाळ टेकवून तक्ता वाचला, शंभर दिसलं, आणि काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं. आकडा त्यांनी बदलला. चिठ्ठी खिशात घातली. त्यांनी ती आता काढून टेबलावर ठेवली, चार घड्या घातलेली.

हाजनी चिठ्ठीच्या घड्या उलगडल्या. मला मात्र राग आवरला नाही. माझी आई दोन दिवस दार लावून बसली होती. मी त्यांना विचारलं की मला पोलीस घेऊन गेले असते तरी तुम्ही गप्प बसला असता का?

"माहीत नाही," ते म्हणाले. "तू जाणारच होतास, लबीब. तुला दुसरीकडे जागा होती. डोळे गेलेत हे कळलं असतं तर मला फाटकाशी स्टूल टाकून बसवलं असतं. मी रोज ठरवत होतो, उद्या सांगेन."

त्यांनी क्षमा मागितली नाही. मीही केली नाही. नवालला काही बोलू नका, तिने फक्त माझं ऐकलं, एवढं सांगून ते जिना उतरून गेले. उतरताना प्रत्येक पायरी त्यांनी पायाने चाचपली. आम्ही तिघांनी ते पहिल्यांदाच पाहिलं.

६

ठोकळा वाचला. ते भोक जिथे पडलं होतं त्याच्या बाजूलाच साच्याचा खोल खळगा यायचा होता. तिथलं पोलाद नाहीतरी कापूनच टाकायचं होतं. झालेलं काम पुसून, सगळा साचा एकवीस मिलिमीटर डावीकडे सरकवला आणि थोडा खाली घेतला, तर भोक त्या खळग्यातच जिरत होतं. मी चार दिवस बसून कटरचे सगळे मार्ग नव्याने लिहिले. मुन्सिफने ते चालवले. कटरच्या लांब्या नवालने मोजल्या, तिच्या स्वतःच्या नावावर. ते अब्लांनीच हाजकडून कबूल करून घेतलं होतं. साचा एक दिवस उशिरा गेला. इस्पितळाने समजून घेतलं.

शहाता त्या दिवसांत आले नाहीत. त्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवायला हाज स्वतः त्यांना घेऊन गेल्याचं कानावर आलं. मी भेटायला गेलो नाही. मुन्सिफ गेला होता. तो म्हणाला, तुझ्याबद्दल विचारत होते. काय विचारत होते ते मी विचारलं नाही.

महिन्याने मी पोर्ट सईदला पोचलो. नव्या कारखान्याच्या मालकांनी मला समोर बसवलं आणि दाराकडे बघून आवाज खाली केला. त्यांनी मला न घ्यायचं ठरवलं होतं. अलेक्झांड्रियाहून कोणीतरी फोन करून सांगितलं होतं की हा माणूस जाताना मशीन फोडून जातो. फोन कोणाचा ते मला विचारावं लागलं नाही. शादीशिवाय कोण करणार.

"मग मला बोलावलंत कसं?" मी विचारलं.

"रविवारी एक म्हातारे आले होते," ते म्हणाले. "एका डोळ्याला पट्टी. चार तास बसमध्ये बसून आले होते. मी जेवत होतो, तर इथे उभेच राहिले. म्हणाले, तुम्हाला फोन गेल्याचं गल्लीत कळलं, तुम्ही ऐकलंय ते मी केलंय. त्याने नाही. आणि मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आमची माणसंही ऐकत होती. मी म्हटलं बसा, चहा घ्या. तर म्हणाले, नको, मला कामाला परतायचंय."

शहातांना कसलंच काम उरलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मालकांनी किल्ल्या उचलल्या आणि मला माझं मशीन दाखवायला घेऊन गेले. वाटेत मी त्यांना थांबायला सांगून बाहेर आलो आणि उस्तांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग त्यांचा आवाज आला, आणि मी नाव सांगितलं.

"मशीन कसं आहे तिथलं?" त्यांनीच विचारलं.

अजून पाहिलं नाही, मी म्हटलं. पाहून सांगतो.